कलरचेकर पासपोर्ट फोटो २ : रंगतक्ता, त्यावरचा प्रकाश आणि कॅमेऱ्याचे प्रोफाइल

पैठणीचे छायाचित्र पाहून मागवलेली साडी ‘हा रंग तो नव्हे’ म्हणून परत येते, तेव्हा दोष बहुधा साडीचा नसतो आणि ग्राहकाच्या नजरेचाही नसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या आपल्या डोळ्याप्रमाणे प्रकाशाची विभागणी करीत नाहीत. त्यामुळे डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला एकच वाटू शकतात आणि डोळ्याला एकच वाटणारे दोन रंग छायाचित्रात वेगळे उमटू शकतात. ही तफावत पूर्णपणे मिटवता येत नाही. पण ज्यांची मूल्ये मोजलेली आहेत अशा रंगांचा तक्ता ठरावीक प्रकाशात टिपून, ती मूल्ये आणि कॅमेऱ्याने नोंदवलेले आकडे यांची सांगड घालणारे प्रोफाइल तयार केले, तर ती बरीच कमी करता येते. कॅलिब्राइट कंपनीचा ‘कलरचेकर पासपोर्ट फोटो २’ हा त्यासाठीचा खिशात मावणारा संच आहे. हातमागाच्या साड्या आणि चित्रे यांच्या छायाचित्रणात मी तो नियमित वापरते. माझे मत आधीच सांगते. तक्ता उत्तम आहे. मात्र त्यापासून मिळणाऱ्या प्रोफाइलचा दर्जा तक्त्यापेक्षाही त्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून राहतो, आणि या प्रकाशाचा अभ्यास विकत घेणाऱ्यालाच करावा लागतो.

या तक्त्याचे मूळ १९७६ सालात आहे. मॅकबेथ कंपनीतील मॅककॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी त्या वर्षी २४ चौकोनांचा रंगतक्ता मांडला. पुढे मॅकबेथची ग्रेटॅगमॅकबेथ झाली, २००६ मध्ये ती एक्स-राइटकडे गेली आणि २०२१ पासून छायाचित्रकारांसाठीची ही उत्पादने कॅलिब्राइट या नावाने मिळू लागली. मालकी बदलत गेली तरी चौकोनांची मांडणी तीच राहिली. पहिल्या ओळीत सावळी त्वचा, गोरी त्वचा, निळे आकाश, झाडाची पाने, निळसर फूल आणि निळसर हिरवा असे रंग येतात. दुसऱ्या ओळीत नारिंगी, जांभळा, पोपटी अशा मिश्र छटा. तिसऱ्या ओळीत निळा, हिरवा, लाल, पिवळा, मजेंटा आणि सायन. आणि शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या. पहिल्या ओळीचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील बहुतेक रंग मूळ वस्तूसारखे नुसते दिसत नाहीत, तर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश ते मूळ वस्तूच्या जवळपास त्याच प्रमाणात परावर्तित करतात. छापखान्यातील चार शाईंनी छापलेला स्वस्त तक्ता इथेच कमी पडतो. त्यातले पान डोळ्याला हिरवे दिसते, पण कॅमेऱ्याला ते खऱ्या पानापेक्षा निराळे दिसण्याची शक्यता राहते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये या तक्त्याच्या रंगांची घडण किंचित बदलली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या तक्त्यांची संदर्भमूल्ये वेगळी आहेत. जुना तक्ता हातात असेल आणि सॉफ्टवेअर आपण स्वतः निवडणार असू, तर संदर्भफाइल (ही मूल्ये नोंदलेली फाइल) कोणत्या काळातील आहे हे आवर्जून तपासावे.

पासपोर्टमध्ये या २४ चौकोनांच्या पानाखेरीज व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे कोणत्याही प्रकाशात पांढरा पांढराच दिसावा यासाठी, एक मोठे सपाट पान, एक्स्पोजर मोजण्यासाठी १८ टक्के करड्या रंगाचे पान आणि छटा उबदार किंवा थंड करण्यासाठीच्या चौकोनांचे पान आहे. या शेवटच्या पानाचा प्रोफाइलशी संबंध नाही. व्हाइट बॅलन्सचे पान मात्र फार उपयोगाचे आहे. २४ चौकोनांतील पांढरा रंग जांभळ्या टोकाकडचा प्रकाश पुरेसा परावर्तित करीत नाही, म्हणून त्यावरून व्हाइट बॅलन्स घेण्यापेक्षा हे स्वतंत्र पान किंवा पांढऱ्याशेजारचा फिका करडा चौकोन वापरणे चांगले. सारे काही एका घट्ट मिटणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणात असल्याने रंगांना बोट लागत नाही आणि प्रवासात ओरखडे पडत नाहीत. आवरण उघडून टेबलावर उभे राहते, ही सोय छोटी असली तरी एकट्याने काम करणाऱ्याला मोलाची वाटते.

आता प्रकाशाकडे येते. तक्त्याची संदर्भमूल्ये मोजणारे यंत्र ४५ अंशांतून प्रकाश टाकते आणि समोरून, लंब दिशेने पाहते. आपल्यालाही शक्य तितकी तीच रचना उभी करायची असते: कॅमेरा तक्त्याच्या अगदी समोर, आणि दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर एकाच जातीचे दोन दिवे. एकाच दिव्यावर भागवण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत आकडेमोडीत स्पष्ट दिसते. पूर्ण आकाराचा कलरचेकर सुमारे २८ सेंटीमीटर रुंद असतो. त्याच्या मध्यापासून १ मीटर अंतरावर ४५ अंशांत एकच छोटा उघडा दिवा ठेवला, तर जवळच्या कडेला दूरच्या कडेपेक्षा सुमारे १.८ पट प्रकाश मिळतो, म्हणजे जवळजवळ एका स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). दिवा २ मीटरवर नेला तरी हे प्रमाण १.३५ पट राहते. पासपोर्टमधले चौकोनांचे पान जेमतेम साडेदहा सेंटीमीटर रुंद धरले, तर त्याच २ मीटरवरच्या दिव्याखाली हा फरक साधारण १२ टक्क्यांवर येतो. लहान आकार हा या संचाचा सर्वांत मोठा तांत्रिक गुण आहे असे मी म्हणते ते यामुळेच. दोन दिवे समोरासमोर ठेवले की डावी-उजवी तफावत एकमेकींना पुसून टाकते; मोठ्या तक्त्यावर १ मीटरवरूनही कडा मध्यापेक्षा फार तर साडेचार टक्क्यांनी उजळ राहतात, आणि २ मीटरवर तो फरक एक टक्क्याच्या आसपास येतो.

असमान प्रकाश इथे इतका घातक का ठरतो, हे करड्या ओळीकडे पाहिले की लक्षात येते. सहा पायऱ्या डावीकडे पांढऱ्यापासून उजवीकडे काळ्यापर्यंत ओळीने मांडलेल्या आहेत. प्रकाश डावीकडून उजवीकडे उतरत गेला, तर काळ्या बाजूचे चौकोन अधिकच काळे नोंदवले जातात आणि सॉफ्टवेअरला तो प्रकाशाचा दोष न वाटता कॅमेऱ्याचा स्वभाव वाटतो. मग प्रोफाइल तो ‘स्वभाव’ सुधारू पाहते आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्रात सावल्या उगाच उचलल्या जातात. याची तपासणी सोपी आहे. दिव्यांना आणि कॅमेऱ्याला हात न लावता तक्ता १८० अंशांत फिरवून दुसरे छायाचित्र घ्यावे आणि दोन्हींतील प्रत्येक करड्या चौकोनाचे आकडे ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर दिवे पुन्हा लावावेत. लाइट मीटर असेल तर चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी मोजणी करून फरक एक दशांश स्टॉपच्या आत आणावा.

त्यापुढची खबरदारी म्हणजे तक्ता काढून नेमक्या त्याच जागी एकसारख्या मंद (न चकाकणाऱ्या) पोताच्या करड्या किंवा पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवणे. या दुसऱ्या छायाचित्राच्या आकड्यांनी पहिल्याच्या आकड्यांना भागले की प्रकाशाची उरलीसुरली असमानता आणि लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा अंधार, दोन्ही दूर होतात. कागद किती शुभ्र आहे याला इथे महत्त्व नाही, तो सर्वत्र सारखा असणे पुरते. पासपोर्टसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही, हे मला त्यातले सर्वांत मोठे न्यून वाटते.

चकाकीचा प्रश्न याहून चिवट आहे, कारण ती डोळ्याला चटकन दिसत नाही. तक्त्याचा पृष्ठभाग मंद असला तरी आसपासच्या प्रत्येक उजळ वस्तूचा थोडा प्रकाश तो कॅमेऱ्याकडे पाठवतोच: पांढरे छत, क्रीम रंगाची भिंत, छायाचित्रकाराचा फिका सदरा. त्याशिवाय लेन्सच्या आत विखुरणारा प्रकाश निराळा. तक्त्यातील पांढरा चौकोन सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो आणि काळा सुमारे ३ टक्के. पांढऱ्याच्या अवघा एक टक्का प्रकाश सगळीकडे विखुरला, तरी काळ्या चौकोनाची नोंद जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढते. पांढऱ्याच्या बाबतीत तेवढ्या भराने काहीच जाणवत नाही. गडद आणि भरीव (तीव्र, शुद्ध) रंगांची फिकट, धुरकट नोंद होते ती याच मार्गाने. उपाय म्हणून तक्त्यामागे आणि भोवती काळे मखमली कापड ठेवावे, कॅमेऱ्याच्या बाजूलाही काळा पडदा असावा, लेन्सला हूड लावावे आणि स्वतः गडद कपडे घालावेत. तक्ता चौकटभर मोठा करण्याची गरज नसते. ८० ते १०० मिलिमीटरची लेन्स लावून तो चौकटीच्या मधल्या एक तृतीयांश भागात बसवला, तर कोपऱ्यांतला अंधार आणि विखुरलेला प्रकाश दोन्ही टळतात. पासपोर्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: दुसरे पान अर्धवट कोनात उघडे राहिले, तर त्यावरून उसळलेला प्रकाश रंगचौकोनांवर पडतो. आवरण पूर्ण सपाट उघडून ते पान काळ्या कापडाने झाकणे उत्तम.

दिवे कोणते वापरावेत, याचे एकच उत्तर नाही. ज्या दिव्यांखाली पुढे काम करायचे आहे त्याच दिव्यांखाली तक्ता टिपावा. तरीही सर्व दिवे सारखे नसतात. हॅलोजनचा वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याची मांडणी) अखंड आणि गुळगुळीत असतो, पण त्यात निळा प्रकाश कमी असल्याने निळ्या नोंदीत गोंगाट (चित्रातील खरखरीत ठिपके) वाढतो, म्हणून अनेक छायाचित्रांची सरासरी काढणे हिताचे. शिवाय तो मंद केला की अधिक पिवळा होतो, त्यामुळे त्याला डिमर लावू नये. स्टुडिओ फ्लॅशचा वर्णपटही अखंड आणि दिवसाच्या प्रकाशाजवळचा असतो. त्याची शक्ती बदलली की रंग किंचित सरकतो, एवढे ध्यानात ठेवून ती एकदाच ठरवावी. माझी पहिली पसंती फ्लॅशला आहे.

एलईडीबाबत सावध राहावे. सर्वसाधारण पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा असतो आणि त्यावरचा फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाने उजळणाऱ्या द्रव्याचा) थर उरलेले रंग पुरवतो. त्यामुळे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निळ्याचे उंच टोक येते आणि त्यालगत ४८० च्या सुमारास खोल दरी पडते. मोरपंखी, फिरोजी आणि सायन छटा नेमक्या या दरीच्या परिसरात येतात. वेष्टनावर छापलेला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, जास्तीत जास्त १०० असणारा आकडा) ९५ असला तरी तो आठ सौम्य छटांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद लालसाठीचा आर-९ हा आकडा त्या सरासरीत धरला जात नाही आणि डाळिंबी, कुंकवासारख्या रंगांसाठी तोच पाहावा लागतो. प्रोफाइल ही दरी काही अंशी भरून काढते, पण दिव्यातून जो प्रकाश निघालाच नाही तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. स्वस्त एलईडी आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवले नाही, तर चौकटीत उजळ-काळे पट्टे येण्याचा धोका असतो.

उन्हात तक्ता टिपायचा असेल, तर दुपारच्या आसपासचे मोकळे ऊन आणि मोकळी जागा निवडावी. झाडाखालच्या सावलीत पानांचा हिरवा आणि आकाशाचा निळा प्रकाश मिसळतो, आणि कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीजवळ लाल प्रकाश उसळून येतो. पावसाळ्यात ढगांची जाडी मिनिटागणिक बदलते, त्यामुळे तक्त्याचे आणि कोऱ्या कागदाचे छायाचित्र एकाच प्रकाशात घेणे अवघड होते. त्या दिवसांत घरात फ्लॅशवर काम करणे शहाणपणाचे.

कॅमेऱ्याच्या मांडणीविषयी थोडक्यात सांगते. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद), सर्वांत कमी मूळ आयएसओ (संवेदनक्षमता), एफ/८ च्या आसपासचे ॲपर्चर (लेन्समधील छिद्राचे माप), ट्रायपॉड आणि दूरस्थ शटर. पांढरा चौकोन लाल, हिरवा, निळा यांपैकी कोणत्याही रंगात भरून वाहता, म्हणजे सेन्सरच्या नोंदीची कमाल मर्यादा गाठता, कामा नये. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच प्रक्रिया केलेल्या चित्रावरून, काढलेला असल्याने त्यावर पूर्ण विसंबून चालत नाही, म्हणून एक तृतीयांश स्टॉपच्या फरकाने चार-पाच छायाचित्रे घ्यावीत आणि त्यातील सर्वांत उजळ, पण कमाल मर्यादा न गाठलेले निवडावे.

पासपोर्टसोबतचे सॉफ्टवेअर वापरायला सोपे आहे. ‘लाइटरूम’ या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठी डीएनजी (रॉचा एक प्रकार) फाइल दिली की ते तक्ता आपोआप ओळखते आणि डीसीपी या प्रकारचे प्रोफाइल बनवते. तशाच ‘कॅप्चर वन’ या सॉफ्टवेअरसाठी १६ बिटची टिफ फाइल दिली की आयसीसी या प्रकारचे प्रोफाइल मिळते. दोन वेगळ्या प्रकाशांतील छायाचित्रे देऊन दोन्हींना लागू पडणारे एकच प्रोफाइलही बनवता येते. लग्नसमारंभात बाहेरचे ऊन आणि आतले पिवळे दिवे अशा दोन्हींत काम करणाऱ्याला ते फार सोयीचे आहे. परंतु उजेड-अंधाराच्या छटांची वक्ररेषा कशी असावी, कोणत्या रंगाला किती महत्त्व द्यावे, भरीव रंग किती ताणावेत, यातील कोणताही निर्णय ते आपल्या हाती ठेवत नाही. ज्यांना तो हवा आहे त्यांनी हाच तक्ता ‘लुमारिव्हर प्रोफाइल डिझायनर’ किंवा मुक्त स्रोत असलेल्या ‘डीकॅमप्रॉफ’ सोबत वापरावा. या दोन्हींत कोऱ्या कागदाच्या छायाचित्राने प्रकाश सुधारण्याचीही सोय आहे. आज्ञा टंकून काम करण्याची सवय असणाऱ्यांना ‘आर्गिल’ हे सॉफ्टवेअरही विनामूल्य उपलब्ध आहे. तक्ता तोच राहतो आणि निकाल स्पष्टपणे सुधारतो, हा माझा अनुभव आहे.

साड्यांच्या कामात या तक्त्याची मर्यादा कुठे येते, हेही सांगितले पाहिजे. २४ चौकोनांत गुलबाक्षी, राणी, जांभळा यांसारख्या अतिशय भरीव छटांच्या जवळ जाणारे नमुने मोजकेच आहेत, आणि रेशमावरचे आधुनिक रंग या चौकोनांतील रंगद्रव्यांपेक्षा वेगळ्या रीतीने प्रकाश परत पाठवतात. अशा साडीवर प्रोफाइल अंदाजाने चालते. तो अंदाज बहुतेक वेळा चांगला ठरतो, पण राणी आणि जांभळ्याच्या मधल्या छटांत साडी समोर ठेवून, कॅलिब्रेट केलेल्या (रंग मोजून जुळवलेल्या) मॉनिटरवर हाताने थोडी दुरुस्ती करावी लागते. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाँव पैठणीला तर एकच रंग नसतोच. पाहण्याचा कोन बदलला की तो बदलतो, आणि तिथे दिव्याची दिशा ठरवणे हाच खरा निर्णय असतो. जरीविषयी हा तक्ता काहीच सांगू शकत नाही, कारण त्यात धातूचा एकही नमुना नाही. जुन्या चित्रांमध्ये कोबाल्ट निळा आणि अल्ट्रामरीन त्रास देतात. ही रंगद्रव्ये दृश्य प्रकाशाच्या अगदी लाल टोकाला पुन्हा उजळतात, आणि तिथे कॅमेऱ्याची संवेदना डोळ्यापेक्षा वेगळी असल्याने निळा रंग जांभळ्याकडे झुकतो.

मग १४० चौकोनांचा कलरचेकर डिजिटल एसजी घ्यावा का? त्यात गडद आणि भरीव रंग अधिक आहेत, आणि कडेने पांढरा, करडा, काळा हे चौकोन पुन्हा पुन्हा मांडलेले असल्याने प्रकाशाची समानता तपासायला ते उपयोगी पडतात. मात्र त्याचा पृष्ठभाग अर्धचकाकीचा आहे. अंधाऱ्या, काळ्या भिंतींच्या खोलीत, नेमक्या कोनात लावलेल्या दिव्यांखाली तो अधिक चांगले प्रोफाइल देतो. साध्या बैठकीच्या खोलीत टिपला तर त्याच गडद चौकोनांवर चकाकी येते आणि लहान मंद तक्त्यापेक्षा वाईट प्रोफाइल हाती पडते. संग्रहालयासाठी किंवा हस्तलिखितांच्या अंकीकरणासाठी कायमची खोली असेल, तरच मी तो सुचवेन. डेटाकलर कंपनीचा स्पायडरचेकर २४ हा साधा पर्याय आहे, पाठीमागे करडे पान असलेला. आवरणाची सोय आणि संदर्भफाइलींचा प्रसार पाहता मी पासपोर्टच निवडते. स्कॅनरसाठीचे आयटी-८ तक्ते स्वस्तात मिळतात, पण ते छायाचित्राच्या कागदावर मोजक्या रंगद्रव्यांनी बनवलेले असल्याने कॅमेऱ्याच्या प्रोफाइलसाठी घेऊ नयेत.

पासपोर्ट विकत घेणाऱ्याने त्याच खर्चात काळे मखमली कापड आणि मंद करड्या कागदाचा मोठा ताव जमेस धरावा; या दोन वस्तूंनी जितका फरक पडतो तितका महागड्या तक्त्याने पडत नाही. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत तक्ता सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावा, उन्हात उघडा टाकू नये आणि चौकोन कधीही ओल्या कापडाने पुसू नयेत. रंग हळूहळू उडतातच. नवा तक्ता आणला की जुन्याशेजारी ठेवून दोन्हींचे एकत्र छायाचित्र घ्यावे. आकड्यांत पडलेला फरक पाहून आपल्या वापरात तक्ता किती काळ भरवशाचा राहतो याचा अदमास येतो, आणि पुढची खरेदी त्यावरून ठरवता येते.